निळ्या पावण्याचा चौथा भाग

आमच्या घरात कॉमिकचं वेड मुलांना नव्हतं, वडिलांना होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण "तुला हा नाद कुठून लागला" असं मला लोक विचारतात आणि खरं उत्तर दिलं की त्यांना मी थट्टा करतेय असं वाटतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. पिंपरी पेंढारला आमची शेती, टोमॅटो, कांदा आणि थोडा ऊस. गावात दादांच्या शब्दाला वजन होतं. बांधाची भांडणं मिटवायला लोक त्यांना बोलवायला यायचे आणि ते दोन्हीकडच्यांना गप्प बसवून यायचे. तर असा हा माणूस रविवारी जुन्नरच्या बाजारातून परत येताना पिशवीच्या तळाशी, सुक्या बोंबलांच्या पुडीखाली, एका उडणाऱ्या माणसाचं कॉमिक लपवून आणायचा. बोंबलाखाली कुणी हात घालत नाही, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबरच होता, फक्त आमच्या घरातल्या सगळ्या कॉमिकांना बोंबलाचा वास यायचा.

जुन्नरच्या एसटी स्टँडवर एक पेपरवाला बसायचा. त्याच्याकडे पुण्याच्या गाडीने गठ्ठा यायचा, त्यात महिन्याला या कॉमिकच्या दोन प्रती. एक कुठल्याशा डॉक्टरांच्या मुलासाठी राखलेली, दुसरी दादांची. दादा चारचौघांत मोठ्याने म्हणायचे, "पोरीसाठी पायजे व्हतं, भाऊ. लई हट्टी हाय." तेव्हा मी चार वर्षांची होते आणि मला मराठीच वाचता येत नव्हतं, मग हिंदी कुठलं. पण पेपरवाला शहाणा होता. "लेक हुशार हाय तुमची," असं म्हणून तो कॉमिक गुंडाळून द्यायचा.

कॉमिक हिंदीतलं. त्यातला नायक दिवसा वीज कचेरीत कारकून आणि गरज पडली की निळे कपडे घालून आकाशात. त्याच्या तळहातातून उजेडाचा झोत निघायचा. आकाशात उडणं, डोंगर उचलणं, हे सगळं दादांना मान्य होतं. त्यांना एकच गोष्ट पटायची नाही. "वीज कचेरीतला मानूस बोलावलं की लगेच येतो, हे लिहिणाऱ्यानं जरा जास्तच केलं," असं ते म्हणायचे. हिंदी ते त्याच्याकडूनच शिकले. टोमॅटोच्या बाजारात उत्तरेकडचे व्यापारी यायचे. एकदा भाव पाडणाऱ्या एकाला दादांनी शांतपणे सांगितलं, "तेरे पाप का अंत निकट है." तो व्यापारी इतका दचकला की त्याने क्रेट परत मोजले. दादांना याहून सौम्य हिंदी येतच नव्हतं.

आता आईचं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला, म्हणजे तिचा काही दोष नसताना. आमच्या घरात कोणतीही गोष्ट पहिल्यांदा उंबरा ओलांडून आली की आई तिला हळदीकुंकू लावायची. नवीन गाय, मिक्सर, पाण्याची मोटर, चुलत्याची लुना. गॅसची टाकीसुद्धा. दर वेळी टाकी बदलली की परत कुंकू, कारण ही टाकी पहिल्यांदाच येतेय, असं तिचं म्हणणं. तर पहिलं कॉमिक दादांनी पिशवीतून काढून पाटावर ठेवलं, तेव्हा आईच्या हातात आधीच करंडा होता. तिने सवयीने बोट बुडवलं आणि मुखपृष्ठावरच्या त्या निळ्या माणसाच्या कपाळाला टेकवलं. वर दोन तांदूळही. दादा बघतच राहिले. पण घरात येणाऱ्याला कुंकू लावू नको, असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मग तो रिवाजच पडला. कॉमिक आलं की आधी देवापुढे, दिवा लागला की कुंकू आणि मगच दादांच्या हातात. तोपर्यंत ते हातपाय धुऊन ओसरीवर येरझाऱ्या घालायचे. आई त्या नायकाला निळा पावणा म्हणायची. "आवो, आला का तुमचा निळा पावणा?" असं ती रविवारी पिशवी हातातून घेताना विचारायची.

कुंकू कपाळालाच लागलं पाहिजे, याबाबत आई कडक होती. एका मुखपृष्ठावर पाहुणा उंच इमारतीवरून डोकं खाली, पाय वर असा पडत होता. आईने कॉमिक उलटं फिरवून नीट कपाळ शोधलं. दुसऱ्या एका अंकावर दोन माणसं होती आणि पुढचा मोठा, मिशीवाला. आईला तोच घरचा कर्ता वाटला. तिने त्याला कुंकू लावलं, तांदूळ लावले, हातही जोडले. तो खलनायक होता. दादा दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. "पूर्ण शहर जाळलंय त्यानं," असं ते चहा पिता पिता एकदम म्हणाले. आई म्हणाली, "मला काय म्हाईत, तोंडावर लिहिलंय का त्याच्या?"

कधीकधी कॉमिकसोबत फुकट काहीतरी असायचं. एकदा पाहुण्याचा चकाकणारा स्टिकर आला. माझी नजर त्याच्यावर, पण दादांनी तो नेऊन विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरला चिकटवला, कारण लाईटचं काम त्याचंच. मी दोन दिवस जेवले नाही असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे एक वेळ.

मी पाचवी-सहावीत असताना, म्हणजे नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, चार भागांची एक मोठी कथा येणार अशी जाहिरात मागच्या पानावर आली. आता मलाही वाचता येत होतं, त्यामुळे दादांचं "पोरीसाठी" हे खोटं निम्मं खरं झालं होतं. पहिला भाग आला. दुसरा आला. दुसऱ्याच्या शेवटच्या पानावर पाहुण्याच्या सख्ख्या मित्रानेच त्याला साखळदंडांनी बांधून समुद्रात लोटून दिलं होतं आणि तळहातातला उजेड विझत चालला होता. खाली लिहिलं होतं, पुढच्या भागात वाचा. आम्ही दोघं ते पान कितीतरी वेळ बघत बसलो. मित्रच असं करतो हे दादांच्या फार मनाला लागलं होतं.

त्या महिन्यात आजोबा गेले. आबांना जुन्नरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तिथेच ते गेले. घरात माणसांची रीघ लागली आणि कॉमिकचं कुणाला सुचणार. पुढे दोन-अडीच महिन्यांनी मी भीत भीत दादांना विचारलं, की तिसऱ्या भागाचं काय झालं.

"तिसरा घेतलाय मी. ठेवलाय."

"कुठं?"

"ठेवलाय म्हनलं ना. चौथा आला की दोन्ही एकदम वाचू."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, यांनी गुपचूप वाचून टाकलाय आणि आता मला झुलवतायत. दादांना झुलवायला आवडायचं. मी धान्याची कोठी, माळा, आईचं गोधड्यांचं गाठोडं, सगळीकडे हात घालून पाहिला. नाही सापडला. मग मी चिडून तो विषयच सोडला, म्हणजे पंधरा दिवस सोडला.

पण चौथा भाग काही येईना. पेपरवाल्याने सांगितलं, गठ्ठ्यात आलाच नाही. पुढचा महिना, त्याच्या पुढचा महिना, तेच. दादांनी मग शोध लावला. नारायणगाव स्टँड, मंचर स्टँड, आळेफाटा. आंबेगाव तालुक्यात माझं आजोळ, घोडेगावला. तिथे मामाच्या लग्नात पंगतीला दादांचं ताट मांडलं आणि दादाच नाहीत. सगळे शोधतायत. आजी बिचारी काळजीने म्हणते, मानपानात काही राहिलं का जावईबापूंच्या. अर्ध्या तासाने दादा आले, घामाघूम. ते घोडेगावच्या स्टँडवर जाऊन आले होते. मानपानाचं कळल्यावर त्यांनी खरं सांगितलं नाही. राहिलं होतं तर राहिलं होतं असाच चेहरा ठेवला. त्यामुळे मामाच्या सासऱ्यांनी त्यांना एक जादा टॉवेल-टोपी दिली.

ओझरला आम्ही चतुर्थीला जायचो. एकदा दादा गाभाऱ्यासमोर इतका वेळ हात जोडून उभे राहिले की मागच्या रांगेतले कुरकुरायला लागले. बाहेर आल्यावर आईने हळूच विचारलं, कांद्याच्या भावाचं मागितलंत का. दादा म्हणाले, "तेबी सांगितलं." "तेबी म्हंजे? आनखी काय?" दादा चपला शोधायला लागले. मला कळलं होतं.

वर्षं गेली. घरोघरी केबल आली, पेपरवाल्याच्या टपरीवर कॉमिकच्या दोऱ्या निघून मोबाईलच्या रिचार्जचे बोर्ड लागले. निळा पावणा येणं कायमचं बंद झालं. दादा मात्र वर्षातून एकदा तरी म्हणायचे, "चौथा घावला पायजे व्हता राव." मला आधी हसू यायचं, नंतर चीड आणि त्याही नंतर, मी कॉलेजला पुण्याला गेले तेव्हा, मीच ते मनावर घेतलं. आठवड्याला फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर जायचं आणि गठ्ठे उपसायचे. एका गाडीवाल्याला माझी दया आली. त्याने एका माणसाचा पत्ता दिला, की हे गृहस्थ फक्त कॉमिक जमवतात.

गृहस्थ एका पेठेत राहायचे. वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं अतिशय मऊ. त्यांच्या घरात भिंतभर कपाट आणि त्यात एकेक कॉमिक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा. त्यांनी हातात पांढरे मोजे घातले आणि एक पिशवी काढली. चौथा भाग. मुखपृष्ठावर समुद्रातून उजेड वर येतोय.

"माझ्याकडे दोन आहेत याचे," ते म्हणाले. "पण मी विकत नाही. अदलाबदल करतो."

मी तयारीने गेले होते. पिशवीतून पहिला आणि दुसरा भाग काढून मी टेबलावर ठेवले. ते वाकले. मग थोडे मागे सरले.

"हे रक्त कसलं आहे?"

"कुंकू आहे."

"कुंकू का?"

"पहिल्यांदा घरात आला म्हणून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दुसरा अंक जरा उचलून त्यांनी वास घेतला आणि खाली ठेवला. मी म्हटलं, ते बोंबील आहेत. शेवटी त्यांनी सांगितलं, की पहिला आणि दुसरा त्यांच्याकडे आहेच, अगदी कोरा करकरीत. त्यांना तिसरा हवा होता आणि तोही डाग नसलेला. तो मिळाला तर चौथा माझा. "पण तुमच्याकडचे सगळे असेच असणार ना," ते फार सभ्यपणे म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला, की जिना उतरताना मी मनातल्या मनात त्यांना दादांच्या हिंदीत सगळं सुनावलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले. कॉलेजच्या कुठल्याशा फॉर्मला रेशनकार्डाची झेरॉक्स लागत होती. दादा रानात, आई गोठ्यात. मी कपाटातली कागदांची पिशवी काढली. सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि त्यांच्या खाली एक जाड पाकीट. पाकिटात आबांचा मृत्यूचा दाखला आणि दाखल्यामागे तिसरा भाग.

कोरा. नवाकोरा. पानांच्या कडा अजून धारदार. कपाळ स्वच्छ, कुंकवाचा ठिपका नाही. वास घेतला, तर नुसत्या कागदाचा. मी दाखल्यावरची तारीख पाहिली आणि सगळा उलगडा झाला. आबा गेल्यावर सुतकातच दादा दाखला आणायला जुन्नरला गेले होते आणि तिथून त्यांनी हा अंक आणला होता. सुतकात देवपूजा नाही, म्हणून कुंकू नाही. सुतकात घरात बोंबील नाही, म्हणून वास नाही. गावाला शहाणपण शिकवणारा आमचा बाप बापाच्या सुतकात कॉमिक घेऊन आला होता आणि लाजेने ते आठ वर्षं लपवून ठेवलं होतं. मी कपाटासमोर बसून एकटीच हसले. पोट दुखेपर्यंत हसले.

आणि मग मी ते उचललं. विचारलं नाही. यांनी तर केव्हाच वाचलंय, आता चौथा आणून एकदम समोर ठेवते, असा माझा बेत होता. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे जाते सांगून पुण्याची एसटी धरली. खिडकीशी बसून, हात दोनदा रुमालाला पुसून, तिसरा भाग पहिल्यांदा वाचला. चाकणपर्यंत पुरला. गृहस्थांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, एकेक पान. त्यांचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. त्यांनी निमूटपणे चौथा भाग माझ्या हातात दिला आणि प्लास्टिकची पिशवी वर फुकट दिली.

परत आले तेव्हा दादा टोमॅटोच्या वावरात सुतळीने झाडं बांधत होते. मी मागून जाऊन पिशवी त्यांच्या पुढ्यात धरली. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हातातली सुतळी सुटली. त्यांनी हात पाठीला पुसले, धोतराला पुसले, तरी पिशवीला हात लावेनात.

"कुठं घावला?"

"घावला एका ठिकाणी."

दादा इतके खूश झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. त्यांनी बांधावरच्या गड्याला हाक मारून सांगितलं, आज सुट्टी. गड्याला वाटलं पाहुणे आले. मग दादा घराकडे निघाले, जवळजवळ पळतच. "चल, चल. आता तिसरा काढतो. दोन्ही संगं वाचू. तू वाच, मी ऐकतो."

मी मागून म्हणतेय, दादा, थांबा, दादा. ते थांबले नाहीत. मी ओसरीवर पोचेपर्यंत कपाटातली पिशवी जमिनीवर होती, उतारे पसरलेले, आणि दादांच्या हातात ते जाड पाकीट. त्यात फक्त दाखला.

"ह्यात व्हता," ते म्हणाले.

मी सांगितलं. चौथ्याच्या बदल्यात तिसरा दिला. तुम्ही वाचलाय असं मला वाटलं. दादा पाकीट हातात धरून खाली बसले आणि दाखला काढून त्यांनी मांडीवर ठेवला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"नाय वाचला मी," ते म्हणाले. "दाखला घेतला आन् स्टँडवर आलो. गाडीला टाईम व्हता. पेपरवाल्यानं नेहमीसारखं हातात दिलं, पैसं घेतलं नाय त्यानं. दाढी वाढलेली बघून समजला आसंल. बाकड्यावर बसलो, म्हनलं वाचावं. मांडीवर दाखला, त्याच्यावर ह्यो. उघडायलाच हात व्हईना. दोन गाड्या गेल्या. घरी आलो आन् दोन्ही एकाच पाकिटात ठेवलं. पुन्यांदा काढायचं म्हनलं की दाखला आधी हातात यायचा."

"मग चौथा कशाला शोधत होतात?"

"चौथा आला आसता तर काढावाच लागला आसता ना," ते म्हणाले.

मला रडू आलं. मी चांगली मोठ्याने रडले, एकोणीस वर्षांची घोडी, ओसरीवर. मी म्हटलं, उद्या जाते आणि परत आणते, त्या माणसाच्या पाया पडते. दादांनी मान हलवली. ज्याला पायजे व्हता त्याला मिळाला, असू दे, म्हणाले. दाखल्याची घडी त्यांनी परत पाकिटात घातली आणि उतारे गोळा करून पिशवीत भरले. चौथा भाग तसाच प्लास्टिकमध्ये पाटावर पडून होता. मग त्यांनी विचारलं, "तू वाचला का तिसरा?"

"एसटीत वाचला."

"मग सांग."

मी डोळे पुसून सुरू केलं. लाजेने भराभर सांगत सुटले, की साखळी तुटते, मित्राला पश्चात्ताप होतो, पण तोवर शहरात पाणी शिरलेलं असतं. दादांनी हाताने थांबवलं. भिंतीला पाठ टेकून ते नीट बसले आणि रिकामी झालेली मांडी त्यांनी जरा सरळ केली.

"दमानं सांग, पोरी," ते म्हणाले. "मी आजून स्टँडवरच बसलोय आसं धर."

मग मी पहिल्या पानावरच्या पहिल्या चित्रापासून सांगायला लागले आणि जिथे चित्र आठवत नव्हतं तिथेही थांबले नाही.